अठरा नव्हे, एकोणीस

९ ऑगस्ट

चि. शेंडेफळ यास,

आशीर्वाद. तू बरा असशील, मुलं वेळेवर शाळेत जात असतील, तुझ्या बायकोची पाठदुखी थांबली असेल, असं धरून चालते. माझी प्रकृती गुडघे सोडून ठीक आहे.

हे पत्र लिहिण्याची वेळ माझ्यावर का आली ते आधी सांगते, म्हणजे तुला पानं चाळत बसायला नको. परवा जर्नलच्या कार्यालयातून मला उत्तर आलं. चार ओळींचं. ताईचं, म्हणजे तुझ्या बाईंचं, दुरुस्तीचं टिपण त्यांच्याकडे कधीच पोहोचलेलं नाही. तिच्या नावानं नाही, तुझ्या नावानं नाही, गेल्या वर्षी नाही, या वर्षी नाही. त्यांनी दोनदा शोधलं, असंही लिहिलं आहे.

काल मी तुला फोन केला. आपलं बोलणं संपल्यावर ते लगेच लिहून ठेवलं. वजनमापं खात्यात एकतीस वर्षं काढल्यावर ही सवय जात नाही. दुकानदाराशी काय बोलणं झालं ते दुकानाच्या पायरीवरच लिहायचं, नाहीतर कचेरीत पोहोचेपर्यंत त्याचं म्हणणं आणि आपलं म्हणणं यांची भेसळ होते. तर ते असं :

"पाठवायचं राहून गेलं, मावशी."

"चौदा महिने?"

"योग्य वेळ बघत होतो."

"मुहूर्त काढत होतास? लग्न होतं का कुणाचं?"

"मावशी, मी बाईंचं नाव जपलं. चाळीस वर्षं एवढं काम केलं त्यांनी, आणि लोकांनी शेवटी काय लक्षात ठेवलं असतं? की चुकल्या."

"आणि तुझा प्रबंध त्याच चुकीवर उभा आहे, त्याचं काय?"

मग तुझी बैठक सुरू झाली. फोनवर हे असं होतं. तुझी बैठक सुरू होते आणि मी हातात रिसीव्हर धरून उभी राहते. कागदाला बैठक नसते, म्हणून हे पत्र.

मला संशय कसा आला, हे तू विचारलं नाहीस. तरी सांगते. स्मृतिग्रंथाची मुद्रितं तूच मला पाठवलीस. "मावशी, तारखा तेवढ्या बघा, आणि 'घरातल्या बाई' म्हणून दोन पानं लिहा." मी तारखा बघितल्या. मग लेखांची यादी मोजली. त्रेसष्ट भरले. ताईनं स्वतःच्या हातानं केलेली यादी तिच्या खणात आहे, तिच्यात चौसष्ट. चौसष्टाव्यापुढे तिनं लिहिलं आहे, "पाठवला." तुझ्याकडे तो नाही. तू यादीतून एक लेख गाळलास आणि यादी तपासायला पाठवलीस कुणाला, तर मला. बाजारात मला शिक्काबाई म्हणायचे, हे तू आमच्याच घरी हसत हसत ऐकलं आहेस.

तुझी प्रस्तावनाही वाचली. ताई तिच्यात थोर आहे, प्रेरणास्थान आहे, वटवृक्ष आहे. वडाखाली काही उगवत नाही, एवढं तरी लिहिणाऱ्यानं बघायला हवं होतं. ताईच्या हाताखाली चौदा जण पीएचडी झाले, आणि त्यातला शेवटचा म्हणून तुला शेंडेफळ हे नाव मीच ठेवलं.

ती काय होती ते मला दोन पानांत लिहायला सांगितलं आहेस. मी बावीस वर्षांच्या ताईपासून सुरुवात केली असती. तळघरातली एक अख्खी खोली भरून कॉम्प्युटर. तिथे बायकांना मनाई नव्हती, पण किल्ली ज्यांच्याकडे असायची ते गृहस्थ बाई दिसली की किल्ली शोधायला लागायचे. तिला आठवड्यातून एकदा, गुरुवारी दुपारी, अर्धा तास मिळे. मग आठवडाभर ती आपला प्रोग्रॅम कागदावर हातानं चालवून बघायची, प्रत्येक पायरीला आकडे मांडून, कारण अर्ध्या तासात चुकायला जागा नव्हती. एकदा जिन्यावर तिच्या हातून कार्डांचा गठ्ठा निसटला. प्रोग्रॅमची भोकं पाडलेली चारशे कार्डं, तीन मजले. मी तेव्हा कॉलेजात होते, आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत जिन्यावर बसून ती लावत होतो. दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेवर एक तिरकी रेघ ओढायला लागली. रेघ तुटलेली दिसली की कार्ड कुठलं चुकलं ते कळे. रागावली नाही, रडली नाही. "पुढच्या वेळी सांडलं तर?" एवढंच म्हणाली आणि फूटपट्टी घेतली. अख्खी ताई एवढ्यात आली असती.

आणि दीडपट. ग्रंथ वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांना ती काय हे तुझ्या प्रस्तावनेतून कळणार नाही. कामं पुष्कळ आणि यंत्रं थोडी असतील, तर कुठलं काम कुठे आणि आधी कुठलं? सगळ्यांत चांगली मांडणी शोधत बसलं तर शंभर कामांना जन्म पुरत नाही. ताईनं एक सोपी रीत दिली आणि सिद्ध केलं, की या रीतीनं लागणारा वेळ उत्तमात उत्तम मांडणीच्या दीडपटीच्या वर कधीही जाणार नाही. बारा तासांत होणारं काम फार तर अठरा तासांत होईल. माझ्यासारखीलाही समजलं. त्या रीतीवर रुग्णालयांनी शस्त्रक्रियांची वेळापत्रकं लावली, विद्यापीठांनी परीक्षा घेतल्या, आणि तिचं नाव झालं. तीस वर्षं.

तुझ्या प्रबंधातलं 'उघड आहे' तुला आठवतं का? तिच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हा शब्द लिहायची बंदी होती. लिहिला की फळ्याशी उभं राहून तो उघड करून दाखवायचा. तुझ्या पहिल्या खर्ड्यात तो एकवीस वेळा होता. एकवीस वेळा तू आमच्या बाहेरच्या खोलीतल्या फळ्याशी उभा राहिलास, आणि सतराव्या वेळी वैतागून म्हणालास, "बाई, हे तुम्हाला उघड आहे, मलाही उघड आहे, मग कुणासाठी?" ती म्हणाली, "ज्याला नाही त्याच्यासाठी."

अडीच वर्षांपूर्वी एका लहान कॉलेजातल्या शिक्षिकेचं पत्र आलं. ती ताईची सिद्धता वर्गात शिकवत होती. चौथ्या पानावर ताईनं लिहिलं होतं, की दोन कामं सारख्याच वेळाची असली तरी फरक पडत नाही, हे उघड आहे. शिक्षिकेनं लिहिलं होतं, "मला हे उघड वाटत नाही. माझंच काही चुकत असेल."

ताईनं चार महिने घेतले. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, जितके तास तितके सेंटिमीटर, आणि जेवणाच्या टेबलावर तीन ओळींत त्या लावत बसायची. तीन यंत्रं, अकरा कामं. आम्ही तेव्हा ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. एका दुपारी ती म्हणाली, "अगं, सापडली." मला वाटलं चष्म्याची डबी.

"काय सापडलं?"

"चूक. माझीच आहे." आणि हसली. एकाहत्तर वर्षांची बाई, इतकी हसली की तिला ठसका लागला. "तू मोज. तुझा माझ्यावर विश्वास नसतो, ते आज कामाचं आहे."

मी पट्टी लावून मोजलं. उत्तम मांडणी बारा. तिच्या रीतीनं अठरा नव्हे, एकोणीस.

मी विचारलं, "आता काय करणार?" ती म्हणाली, "आता मला खरं काय आहे ते माहीत नाही. किती वर्षांनी असं झालं." तिला यात आनंद कसला होतो हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतर कळलं. पुढचं वर्षभर तिनं जे काम केलं ते आधीच्या तीस वर्षांहून अवघड होतं, आणि तिचे हात कापत होते. शेवटी दीडाच्या जागी पावणेदोन सिद्ध झालं. "पाव वाढला, पण आता पक्कं आहे," म्हणाली. टिपणाच्या पहिल्याच ओळीत त्या शिक्षिकेचं नाव लिहिलं, आणि तिला उत्तर म्हणून छापील टिपणच पाठवायचं ठरवलं.

मग तपासणीसाठी तिनं तुला बोलावलं. चौदा जणांतून तुला. तिची पद्धत तुला ठाऊक आहे : तपासणाऱ्यानं प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख घालून सही करायची. तू चार रविवार आमच्या टेबलाशी बसलास. मी तिथेच भाजी निवडत होते. शेवटच्या रविवारी म्हणालास, "बाई, बरोबर आहे. सुंदर आहे." ताईला आताशा त्या वेबसाइटीवर लेख चढवणं जमत नव्हतं, म्हणून तू म्हणालास, "मी टाइप करून पाठवतो." सह्या असलेली मूळ नऊ पानं तिनं स्वतःकडे ठेवली. ती आता माझ्यासमोर आहेत. नऊ पानं, नऊ सह्या. तुला पटलं नव्हतं असं तू म्हणू शकत नाहीस. पटलं होतं म्हणूनच तू ते दाबलंस.

एखादा वैरी असता तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू आमच्या घरी सात वर्षं जेवलास. तुझा ताप या घरात उतरला. तुझ्या लग्नात मुलाकडून सही कुणी केली?

पाणी पिऊन आले. रुग्णालयाचं लिहायचं राहिलं आहे. मघापासून मी ते पुढे ढकलते आहे, हे माझ्या लक्षात आलं आहे.

नोव्हेंबरमध्ये ताईला दाखल केल्यावर ती रोज एकच विचारायची, "जर्नलचं काही आलं?" मी तुला फोन केला. तू म्हणालास, "मावशी, झाल्यात जमा आहे. सांगा बाईंना." मी विचारलं, "स्वीकारलं का?" तू म्हणालास, "स्वीकारलंच म्हणा ना." एवढंच. पुढचं तुझ्या माथी मारणार नाही, ते माझं आहे.

दुसऱ्या दिवशी, एकवीस तारखेला, मी तिला सांगितलं, पत्र आलं. ती म्हणाली, "मग वाच." माझ्या पर्समध्ये रुग्णालयाच्या भेटीच्या वेळांचा छापील कागद होता. तो काढला, चष्मा लावला, आणि वाचलं. आपलं टिपण स्वीकारण्यास आम्हांस अत्यंत आनंद होत आहे. चूक स्वतः शोधून ती जाहीर करण्याचं आपलं धैर्य पुढच्या पिढ्यांना मार्गदर्शक ठरेल. असं सहा-सात ओळी. मी, जिनं जन्मात एका खोट्या मापावर शिक्का मारला नाही. वाचताना माझा आवाजही हलला नाही.

ताईनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "संपादक एवढं गोड लिहीत नाहीत गं." आणि भिंतीकडे वळली. त्यानंतर बारा दिवस ती होती. जर्नलबद्दल एकदाही विचारलं नाही.

तिला समाधान वाटलं म्हणून विचारलं नाही, असं मी आठ महिने स्वतःला सांगत आले. परवाच्या उत्तरानंतर तेही सांगता येत नाही. तिला कळलं होतं. बहीण खोटं वाचते आहे हेही, आणि त्यावरून टिपण गेलंच नाही हे ताडायला ताईला पुठ्ठ्याच्या पट्ट्या लागल्या नसत्या. ती आपल्या दोघांनाही काही न बोलता गेली.

आता काय करायचं ते. एक, टिपण तुझ्या हातानं जर्नलला पाठवायचं, उशीर का झाला त्याच्या खऱ्या कारणासकट. दोन, ग्रंथाच्या यादीत चौसष्टावा लेख घालायचा. तीन, ताईच्या नावाच्या नव्या सभागृहाच्या दाराशी लावायच्या दगडावर 'ज्यांनी दीडपट सिद्ध केली' असं कोरणार आहात, ते थांबवायचं. समारंभ तीस तारखेला आहे. मी वीसपर्यंत थांबते.

तुझी,
मावशी

*

२४ ऑगस्ट

मा. विभागप्रमुख यांस,

नमस्कार. विभागप्रमुखांना अरे-तुरे करत नाहीत, म्हणून यापुढे तुम्ही.

वीस तारखेपर्यंत काही आलं नाही. काल रविवारी तुम्ही स्वतः आलात. दारातच म्हणालात, "पत्र कशाला लिहायचं मावशी, आपण काय परके आहोत?" मी बसायला सांगितलं. तुम्ही तुमच्या नेहमीच्या खुर्चीवर बसलात, हे मला खटकलं, पण उठवणार तरी कसं?

तुम्ही म्हणालात, समारंभ होऊ द्या, बाहेरून पाहुणे येतायत, निमंत्रणं गेली आहेत. पुढच्या महिन्यात नक्की पाठवतो.

"दगडाचं काय?"

"कोरून झाला."

"काय कोरलंय?"

दगडावर तीच दीडपट होती. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात टिपण छापून आलं, की त्याच दारातून जाणारं पोरही म्हणेल, बाईंना कळलं होतं, मग यांना कळलं नव्हतं? तुम्ही म्हणालात, "दगड कोण वाचतं, मावशी?" ताईच्या सभागृहाबद्दल ताईचा विद्यार्थी.

मग शेवटी, उभं राहून, बूट घालता घालता, तुम्ही ते बोललात. "मी पाठवलं नाही. पण तुम्ही तरी रुग्णालयात काय वेगळं केलंत?"

हे तुम्ही विचाराल याची मला खात्री होती. तुमच्या हातात ते मीच दिलं होतं. तुमची अपेक्षा असावी, की आता म्हातारी शरमेनं गप्प बसेल, आणि आपण दोघं मिळून झाकण लावू. शरम वाटली, हे खरं. रात्रभर नाही, पण दार लावून आत येईपर्यंत पुरेशी वाटली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर : काहीच वेगळं केलं नाही. फरक असलाच तर आजपासून आहे.

आज सकाळी टिपणाची छायाप्रत मी जर्नलला रजिस्टर पोस्टानं पाठवली. सोबत त्या शिक्षिकेलाही एक प्रत पाठवली. अडीच वर्षं ती बिचारी समजत असेल, की आपण काहीतरी मूर्खासारखं विचारलं म्हणून बाईंनी उत्तर दिलं नाही. जर्नलला फोन करून विचारलं, टपालानं चालेल का. तिथला माणूस म्हणाला, "चालेल, पण तपासायला वेळ लागेल." म्हटलं, लागू द्या, नीट तपासा.

नंतर विभागात आले. तुम्ही बैठकीत होता. मी ग्रंथालयात गेले. तुमच्या ग्रंथपाल बाई मला आवडल्या. मी कागद टेबलावर ठेवले तर म्हणाल्या, "स्मृतिग्रंथासाठी का? ते वरच्या मजल्यावर."

"नाही. ग्रंथालयासाठी."

"कुठल्या कपाटात ठेवू? बंद कपाट आहे, दुर्मिळ कागदांचं."

"लोक उघडतात त्या कपाटात ठेवा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि नोंदवही पुढे ओढली. "साहेबांना विचारावं लागेल का?" म्हणाल्या. मी विचारलं, नियम काय आहे? नियमाप्रमाणे विचारावं लागत नाही. मग त्यांनी विचारलं नाही.

तीस तारखेला मी येणार नाही. व्यासपीठावरची माझी खुर्ची काढून टाका, रिकामी ठेवू नका. 'घरातल्या बाई'ची दोन पानं माझ्याकडून येणार नाहीत. जे लिहायचं ते मी पहिल्या पत्रात लिहिलं आहे, छापायचं असेल तर सगळं छापा.

घरी येऊ नका. हे रागानं लिहीत नाही. राग जाईल. ते नऊ कोपरे जाणार नाहीत.

आपली,
बाईंची बहीण

सुपूर्द केलेल्या कागदांची नोंद. २४ ऑगस्ट, सकाळी साडेअकरा, विभागाचं ग्रंथालय.

१. दुरुस्तीचं टिपण, मूळ प्रत, हस्ताक्षर माझ्या बहिणीचं. नऊ पानं. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात तपासणाऱ्याची सही व तारीख.

२. शिक्षिकेचं पत्र. दोन पानं.

३. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, अकरा, पाकिटात. मोजून दिल्या.

४. जर्नलचं उत्तर. एक पान.

५. माझं निवेदन, एक पान, सहीसह : गेल्या २१ नोव्हेंबरला रुग्णालयात मी माझ्या बहिणीला जे पत्र वाचून दाखवलं ते कुणीही पाठवलेलं नव्हतं. ते मी तिथेच मनानं रचलं.

मिळाल्याची सही : ग्रंथपाल.

शेरा : क्रमांक पाच ग्रंथपालांनी उभ्याउभ्या वाचला, आणि हा परत न्यायचा आहे का, असं विचारलं. नाही, म्हणून सांगितलं. मग त्यांनी त्यावर शिक्का मारला.